त्याच जहाजात, खालच्या मजल्यावर

रेगेन्सबर्गमध्ये मला भेटणाऱ्या प्रत्येक भल्या माणसाला वाटायचं की मी स्वयंपाक शिकवावा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना वाटायचं, खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंना वाटायचं, माझ्या जर्मनच्या शिक्षिकेला तर खात्रीच होती. त्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. पण मी पुण्यात इतिहासात एम.ए. केलं होतं, पीएच.डी.चं निम्मं काम झालं होतं, आणि माझा स्वयंपाक बेताचाच होता. पोळ्या माझ्यापेक्षा नवरा बऱ्या करायचा.

नवरा चाकणहून इथल्या गाड्यांच्या कारखान्यात आला, त्याच्यामागून मी आले. ही गोष्ट दोन हजार दहानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. माझ्या व्हिसावर मी कोणाची तरी बायको होते, आणि ते खरंही होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. माझ्या बॅगेत लोणच्याच्या बरण्यांखाली माझं अर्धं राहिलेलं काम होतं: इंग्रजांच्या काळात मुंबई बंदरातून साता समुद्रापार पाठवलेल्या कैद्यांचा इतिहास.

हा विषय मला कॉलेजच्या सहलीत महाबळेश्वरला मिळाला. तिथे चायनामन फॉल आहे. सगळे फोटो काढत होते तेव्हा मी सरांना विचारलं, इथे कसला आलाय चायनामन? सर म्हणाले, इंग्रजांनी मलायाकडून चिनी कैदी इथे आणून ठेवले होते, ते भाजीपाला पिकवायचे. आणि आपले कैदी? ते तिकडे पाठवायचे. पिनांग, सिंगापूर, मॉरिशस. तिकडचे इकडे, इकडचे तिकडे. परतीच्या एसटीत मी त्याचाच विचार करत बसले होते. माणूस परक्या मुलखात नेऊन टाकला की तो पळत नाही, कारण पळायचं कुठे हेच त्याला माहीत नसतं. किती साधी आणि किती दुष्ट युक्ती.

तर शहरातल्या एका संस्थेत प्रौढांसाठी संध्याकाळचे वर्ग चालायचे. भाषा, चित्रकला, योग, पाव भाजणं, असं सगळं. जर्मन बऱ्यापैकी बोलता यायला लागल्यावर मी तिथे गेले. कार्यक्रम ठरवणाऱ्या बाई आखूड पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या. मी विषय सांगितला.

"इंटरेसांट," त्या म्हणाल्या. हा शब्द जर्मन माणूस त्या सुरात उच्चारतो तेव्हा दार बंद होत असतं, एवढं मला एव्हाना कळलं होतं. "आल्झो, म्हणजे कसं, लोक दिवसभर काम करून येतात. त्यांना जरा हलकंफुलकं हवं असतं. तुम्ही भारतीय स्वयंपाक—"

"मला स्वयंपाक येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना पोहता न येणारा मासा दाखवला होता.

"मग साडी नेसायला शिकवा. नाहीतर नृत्य."

"मला जहाजं येतात," मी म्हटलं. "तुमच्याकडे मागच्या महिन्यात अमेरिकेला गेलेल्या जर्मन लोकांवर व्याख्यान झालं. मी ऐकायला आले होते. हॉल भरला होता. माझेही लोक जहाजातूनच गेले. फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं."

बाईंनी कार्यक्रमाची वही पुढे ओढली. मग एक संध्याकाळ द्यायला तयार झाल्या, नोव्हेंबरमधली. मात्र शीर्षक त्यांना गोड हवं होतं, मोसमी वारे, शिडं, प्रवास असं काहीतरी. मी म्हटलं, शीर्षकात साखळदंड येणार. साखळदंड वाचून कोणी येणार नाही, असं त्या म्हणाल्या. नाही आलं तर मी रिकाम्या खुर्च्यांना सांगेन, असं मी म्हटलं. माझ्या जर्मनमध्ये ते जरा जास्तच उद्धट झालं असावं, कारण नम्रपणे नाही म्हणायचं व्याकरण आमच्या वर्गात अजून यायचं होतं. पण पत्रकात छापून आलं ते माझंच शीर्षक: साखळदंडातले प्रवासी.

ते पत्रक कोणीतरी बेकरीत पाहिलं, फोटो काढला आणि आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पहिल्यांदा अंगठे आणि फुलं आली. मग एक प्रश्न आला: "साखळदंड का?" आणि त्यानंतर रविवारी काका घरी आले.

काकांबद्दल नीट सांगायला हवं. ते आमचे नातेवाईक नव्हते, पण इथल्या सगळ्या मराठी घरांचे काका होते. आमच्यापैकी बहुतेकांच्या खूप आधी ते जर्मनीत आले होते, माझ्या नवऱ्याच्याच विभागात वरच्या पदावर होते. आम्हाला घर त्यांनी मिळवून दिलं. परदेशी लोकांच्या कचेरीत आमच्याबरोबर स्वतः रजा काढून आले. रोज सकाळी नवऱ्याला आपल्या गाडीतून कारखान्यात घेऊन जायचे. असा माणूस तुमच्या सोफ्यावर बसून काही मागतो तेव्हा नाही म्हणणं अवघड असतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

त्या वेळी माझ्या सासूबाई अलिबागहून आमच्याकडे आल्या होत्या. त्या सरकारी रुग्णालयात आयुष्यभर नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मितभाषी. त्यांनी काकांना चहा दिला आणि खिडकीशी लसूण सोलत बसल्या.

"विषय चांगला आहे गं," काका म्हणाले. "काळं पाणी म्हणजे आपल्या त्यागाचा इतिहास. पण तू त्यात कोणाचं सांगणार आहेस? मला असं कळलं की चोर, दरोडेखोर, खुनी."

"हो. बहुतेक तेच होते."

"अगं, मग क्रांतिकारकांचं सांग ना. जर्मन लोकांना कळू दे आपण काय सोसलंय ते. इथे आपण मान खाली न घालता राहतो, ते फुकट मिळालेलं नाही. त्यांच्यासमोर आपण होऊन सांगायचं की आमचे दरोडेखोर जहाजं भरभरून पाठवायला लागायचे?"

"काका, क्रांतिकारक अंदमानात जायच्या कितीतरी आधीपासून ही जहाजं जात होती. आणि दरोडेखोर म्हणजे कोण? दुष्काळात सावकाराचं कोठार फोडणारा दरोडेखोरच ठरला. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या भिल्लांनाही दरोडेखोरच म्हटलं. काही जण खरोखरच खुनी होते, तेही मी सांगणार आहे."

"हेच. हेच नको."

"पण ते होते."

काकांनी कप खाली ठेवला आणि माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "तू समजाव जरा हिला."

नवरा म्हणाला, "काका, मी तिला कामाचं काही समजावत नाही. ती मला गिअरबॉक्सचं समजावत नाही." तो हे हसत म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते. काका निघताना जिन्यात मला म्हणाले, "मंडळातर्फे कोणी येणार नाही, हे लक्षात ठेव." मी म्हटलं, "मी मंडळातर्फे बोलतच नाहीये."

दार लावून आत आले. राग होता, भीतीही होती. सासूबाई तशाच लसूण सोलत होत्या. त्यांना हे आवडलेलं नसणार, असं मी गृहीत धरलं. मोठ्या माणसाला उलट बोललेलं त्यांच्या घरी चालत नसे.

व्याख्यान मी आधी मराठीत तयार करायचे, मग जर्मनमध्ये. दुपारी स्वयंपाकघरात मोठ्याने बोलून बघायचे. सासूबाई तिथेच असायच्या. मी ओट्याला टेकून सांगायचे: कैद्यांसाठी वेगळी जहाजं क्वचितच असायची. ती साधी मालवाहू शिडाची जहाजं. वरच्या मजल्यावर उतारू, साहेब, त्यांच्या बायका, व्यापारी. पोटात कापूस, अफू. आणि मालाशेजारी, जिथे ताठ उभं राहता येत नाही, तिथे बेड्या घातलेली माणसं. वर कोणी पियानो वाजवला तर तो खाली ऐकू जात असेल. खाली कोणी ओकलं तर त्याचा वास वर जात असेल. एकच वारा दोघांना घेऊन जायचा. पुढे वरच्यांना प्रवासी म्हटलं गेलं आणि त्यांची वर्णनं छापली गेली. खालच्यांची मोजणी झाली फक्त.

अन्नाचं सांगायचे. एका पिंपातलं पाणी सगळ्यांनी प्यायचं, परक्या जातीच्या हातचं शिजवलेलं खायचं, म्हणजे घरी परतायची वाटच संपली. म्हणून कित्येक जण महिना-महिना चण्यांवर आणि कोरड्या पोह्यांवर काढायचे. आणि बंडाचंही सांगायचे. काही जहाजांवर कैद्यांनी बेड्या तोडल्या, कप्तानाला मारलं, आणि ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता अशा माणसांनी खलाशांना सांगितलं, वळवा मागे.

"आणि वळवलं?" सासूबाईंनी विचारलं. तोवर त्या ऐकताहेत हेच मला कळलं नव्हतं.

"कधी कधी वळवलं. किनारा गाठला. बहुतेक पुढे पकडले गेले."

"पण किनारा गाठला." त्यांनी मेथीची काडी मोडली. "त्यात बायका होत्या का गं?"

"होत्या, आई. थोड्या. नवऱ्याला विष घातलं म्हणून, नाहीतर जन्मलेलं मूल मारलं म्हणून. त्यात विधवा पुष्कळ."

त्यांचे हात थांबले. मग त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "मी नवी होते तेव्हा वॉर्डात एक मुलगी आणली होती. विधवा. घरीच बाळंत झालेली. मूल गेलेलं, आणि पोलीस दाराशी खुर्ची टाकून बसलेला. ते मूल तिच्या दिरानं आधी तिच्या पोटात घातलं आणि नंतर विहिरीत. वॉर्डात झाडूवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ती एक शब्द बोलली नाही. तिला शिक्षा झाली. दीर पुढे सरपंच झाला."

"तिचं काय झालं मग?"

"कोणी विचारलंच नाही." त्यांनी मेथी टोपलीत टाकली. "तू चोरांचं सांग, दरोडेखोरांचं सांग, काय सांगायचं ते सांग. पण या बायकांचं सांगितल्याशिवाय खाली बसू नकोस. आणि त्या काकांना म्हणावं, लाज कोणाची कोणाला वाटायला पाहिजे ते आधी ठरवा."

लग्न झाल्यापासून त्या माझ्याशी एका दमात इतकं कधी बोलल्या नव्हत्या.

व्याख्यानाच्या दिवशी डोनाऊ नदीवर धुकं होतं. सासूबाईंनी साडीवर नवऱ्याचं जाड जॅकेट घातलं आणि पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी नवरा, त्यांना हळू आवाजात मराठीत सांगायला. हॉल भरला नव्हता, पण रिकामाही नव्हता. बहुतेक निवृत्त माणसं. आणि मंडळातर्फे कोणी येणार नाही असं सांगणारे काका स्वतः आले होते. काकूंना घेऊन मागच्या रांगेत बसले होते, हाताची घडी घालून.

मी बोलायला लागले. माझ्या डेअर-डी-डासच्या, म्हणजे जर्मन लिंगांच्या, चुका झाल्या असतील, होऊ दे. नकाशा दाखवला, मुंबई दाखवली, सिंगापूर दाखवलं. तिथले रस्ते, पूल, चर्चसुद्धा भारतीय कैद्यांनी बांधली, हे सांगितलं. बायकांवर आले तेव्हा मी पाणी प्यायले आणि पुढे बोलले.

प्रश्नांच्या वेळी एक गृहस्थ म्हणाले, "पण शेवटी हे गुन्हेगारच होते ना? प्रत्येक देश गुन्हेगारांना शिक्षा करतो."

"करतो," मी म्हटलं. "मी त्यांना निर्दोष म्हणत नाही. मी त्यांना प्रवासी म्हणते. इथे अमेरिकेला गेलेल्या जर्मन लोकांवर व्याख्यान झालं, तेव्हा त्यातला प्रत्येक जण चांगला माणूस होता का, असं तुम्ही विचारलं होतं का?"

तेवढ्यात काठी घेतलेल्या एक वृद्ध बाई उठून उभ्या राहिल्या. गृहस्थांकडे वळून म्हणाल्या, "आमच्या गावानंही पाठवले होते. माझी आजी सांगायची. गरीब, दारुडे, तुरुंगातून सुटलेले. गावानं त्यांचं तिकीट काढलं आणि जहाजात बसवून दिलं, परत येऊ नका म्हणून. चर्चमधल्या फलकावर लिहिलंय, नशीब काढायला गेले." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

मग काका उभे राहिले. त्यांचं जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर. "मी भारतीय म्हणून सांगू इच्छितो," ते म्हणाले, "की हे आमच्या देशाचं चित्र नाही. ज्यांनी देशासाठी ही शिक्षा भोगली त्यांचा उल्लेखही वक्त्यांनी केला नाही. हा त्यांचा अपमान आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आमचं घर आठवलं, कचेरीतल्या रांगेत माझ्या फायली धरून उभे असलेले काका आठवले. तरी मी बोलले. मुद्दाम जर्मनमध्येच बोलले, कारण त्यांनी जर्मनमध्ये विचारलं होतं.

"त्या शूरांचा मी मान ठेवते. त्यांचे पुतळे आहेत, त्यांच्या नावाचे चौक आहेत, शाळेत धडे आहेत. असायलाच हवेत. पण त्यांच्या आधी हजारो माणसं त्याच समुद्रातून गेली आणि त्यांच्या नावाची एक गल्लीही नाही. ज्या बाईला एखाद्या दिराच्या पापासाठी जहाजात घातलं, तीही माझ्या देशाचं चित्र आहे. ते सुंदर नाही म्हणून मी ते भिंतीकडे तोंड करून टांगणार नाही. तुम्ही सिंगापूरला सुट्टीत जाऊन आलात, काका. तुम्ही ज्या रस्त्यांवर चाललात त्यांतले काही त्यांनी खडी फोडून केलेत. त्यांना एक संध्याकाळ देऊ या. माझ्याकडे आज तेवढीच होती."

"काका" हा शब्द मी मराठीतच म्हटला. तो जर्मनमध्ये होत नाही.

ते कोट घालून निघाले. दाराशी थांबून त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो बसून राहिला. आईच्या कानात शेवटचं वाक्य सांगत होता, ते त्यानं पूर्ण केलं. काकू मात्र क्षणभर खुर्चीतच होत्या, मग नवऱ्यामागून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची गाडी आमच्या कोपऱ्यावर थांबली नाही. नवरा कारखान्याच्या बसने गेला, आणि नंतर सगळा हिवाळा बसनेच गेला, अंधारात, बर्फात. एकदा बूट काढताना मी त्याला विचारलं, "माझा राग येतो का?" तो म्हणाला, "थंडीचा येतो." त्यापुढे आम्ही त्यावर बोललो नाही. मंडळाचा जुना व्हॉट्सअॅप ग्रुप हळूहळू गप्प झाला. नवा निघाला होता, त्यात आम्ही नव्हतो.

सासूबाई डिसेंबरात परत गेल्या. म्युनिकच्या विमानतळावर त्यांनी माझ्या हातात एक कागदाची पुडी ठेवली, तीळ आणि चिकीचा गूळ. "संक्रांतीला कर," म्हणाल्या. "घरात बसून खाऊ नकोस. वाट."

जानेवारीत काकूंकडे दरवर्षी हळदीकुंकू असायचं. त्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. मी लाडू केले, जरा कडकच झाले, डबा घेतला, चांगली साडी नेसले आणि गेले. दार काकांनी उघडलं. आत बायकांचा आवाज होता, माझ्या ओळखीच्या सगळ्यांचा.

"तिळगूळ घ्या, गोड बोला," मी म्हटलं.

त्यांनी डब्याकडे पाहिलं. "तुला बोलावलं नव्हतं."

"माहीत आहे. ज्यांना कोणी बोलावत नाही अशांचाच अभ्यास केलाय मी." डबा मी पुढेच धरून ठेवला. "तुम्ही गोड बोला, काका. मी जे आहे तेच बोलणार."

मागून काकू आल्या. त्यांनी नवऱ्याच्या बाजूने हात काढून डब्यातला लाडू घेतला, मला हळदीकुंकू लावलं, तिथेच, दारात. मग म्हणाल्या, "आत ये. थंडी येतेय घरात." काका बाजूला झाले. ते माझ्याशी त्या दिवशी बोलले नाहीत, आणि नंतरही फारसे कधी बोलले नाहीत. आमचं जुळलं असं मी म्हणणार नाही. पण मी आत जाऊन बसले, वाण घेतलं आणि सगळ्यांबरोबर खिचडी खाल्ली.

उन्हाळी सत्रात त्या हसऱ्या बाईंनी मला चार संध्याकाळांचा वर्ग दिला. स्वयंपाकाचं त्यांनी पुन्हा एकदा विचारून पाहिलं, मी पुन्हा एकदा नाही म्हटलं. या वेळी नम्रपणे, व्याकरण आलं होतं. काठीवाल्या वृद्ध बाई चारही वेळा आल्या. दुसऱ्या संध्याकाळी काकू आल्या, एकट्या, बसने. संपल्यावर सगळे गेले तरी त्या थांबल्या आणि मला मराठीत म्हणाल्या, "त्या बायकांबद्दल अजून काय सापडतं, ते शोध ना गं."

त्याच आठवड्यात मी पुण्याला माझ्या गाइडना फोन केला. काम पुन्हा सुरू करते म्हटलं. त्यांनी विचारलं, "विषय तोच?" मी म्हटलं, "तोच. फक्त आता बायकांपासून सुरुवात करणार आहे."